काचपेटींतलें तळें

वर्धा आणि पैनगंगा या नद्यांमधला यवतमाळ जिल्हा कापसासाठीं व सागवानासाठीं सर्वश्रुत आहे. त्याच्या तळ्यांकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. या तळ्यांच्या उथळ पाण्यांत हायड्रिला नांवाची एक नाजूक वनस्पति वाढते. लोक तिला नुसतें शेवाळ म्हणतात. शाळेच्या प्रयोगशाळेंत उलट्या नरसाळ्याखालीं जिचे बुडबुडे मुलांस दाखवितात, तीच ही. आणि दिवाणखान्यांतल्या काचपेटींत माशांच्या सोबतीला जी हिरवी फांदी डोलते, तीहि पुष्कळदा हीच.

घरांत तळें बसविण्याचा हा छंद शास्त्राच्या पोटीं जन्मला. हिरवीं पानें पाण्याखालीं उन्हांत प्राणवायूचे बुडबुडे सोडतात, अंधारांत सोडीत नाहींत, हें इंगेनहाउस या डच वैद्यानें १७७९ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यानें एका पात्रांत दोन सोनेरी मासे सोडून तळाशीं व्हॅलिस्नेरिया नांवाचें पाणगवत लाविलें. या कुळांतलें गवत विदर्भांतहि उगवतें. कांहीं दिवसांनीं जुनीं पानें कुजलीं, पाणी गढूळलें. तेव्हां त्यानें तळ्यांतल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें खाल्लीं, त्यांच्या अंड्यांवर मासे पोसले, माशांच्या विष्ठेवर गवत वाढलें. १८५० सालीं त्यानें हा वृत्तांत रसायनशास्त्रज्ञांच्या सभेपुढें मांडला. १८५३ मध्यें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें, आणि काचपेटी घरोघर गेली. मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालचें.

परंतु या छंदाला दुसरी बाजूहि आहे. १९५० नंतरच्या दशकांत हायड्रिला सिंहलद्वीपाहून अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांतांत काचपेट्यांसाठीं गेली व तेथील कालव्यांत सोडली गेली. पेरभर तुकड्यापासूनहि ती नवी रुजते, आणि चिखलांतले तिचे कंद वर्षानुवर्षें जिवंत राहतात. थोड्याच काळांत नद्या व सरोवरें तिनें कोंडलीं. आपल्याकडे उन्हाळ्यांत तळीं आटतात, तिला खाणारे जीवहि आहेत. तेथें तिला आवरणारें फारसें कोणी नव्हतें.

उलट दिशेचा प्रवासहि घडला. दक्षिण अमेरिकेंतली जलपर्णी जांभळ्या फुलांच्या मोहानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालांत आली. तिनें जलमार्ग व भातशेतें इतकीं व्यापलीं कीं, १९३६ सालीं तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला.

यांतील बोध विदर्भांतल्याच मच्छीमारांनीं कृतीनें दाखविला आहे. भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतल्या जुन्या तलावांत परदेशी बेशरम माजली होती आणि देशी मासे कमी झाले होते. एकविसाव्या शतकांत ढीवर समाजाच्या सहकारी संस्थांनीं बेशरम उपटली, उन्हाळ्यांत तळ नांगरला, आणि पाणी भरल्यावर हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या देशी वनस्पति स्वतःच्या हातांनीं लाविल्या. माशांना अन्न व आसरा मिळाला. वॉरिंग्टननें काचेंत साधलेला समतोल त्यांनीं उघड्या तलावांत साधला.

म्हणजे वनस्पति तीच; फ्लॉरिडांत ती संकट ठरली, गोंदियांत आधार. यवतमाळच्या गृहस्थानें आपली काचपेटी जवळच्या तळ्यांतल्या हायड्रिलानें अवश्य सजवावी. बाजारांतून आणलेल्या अनोळखी वेलींचे छाटलेले तुकडे मात्र गटारांत अथवा नाल्यांत न टाकतां कडक उन्हांत वाळवून मगच फेकावे. घरांतल्या तळ्याची वाट बाहेरच्या तळ्याकडे जाते, आणि तिच्यावर पहारा घरधन्यानेंच ठेवावयाचा असतो.