न दिसलेले कण आणि कोलकात्यात गवसलेला प्रकाश

१/६
२०१८ साली अमेरिकेतील संशोधकांनी भारतासह ९ देशांतील ११ ब्रँडच्या २५९ पाणीबाटल्या तपासल्या. लिटरमागे प्लॅस्टिकचे सरासरी सुमारे ३२५ कण आढळले. २०२४ मध्ये दुसऱ्या चमूने हाच आकडा सुमारे २,४०,००० असा दिला. सहा वर्षांत पाणी एवढे नासले का? नाही. बदलले होते ते पाहण्याचे साधन.

२/६
२०१८ च्या चाचणीत 'नाईल रेड' हा प्लॅस्टिकला चिकटून चमकणारा रंग वापरला होता. ती पद्धत साधारण साडेसहा मायक्रोमीटरपर्यंतचे कण मोजू शकली. त्याहून बारीक कण मोजणीबाहेरच राहिले. नॅनोप्लॅस्टिक तर १ मायक्रोमीटरपेक्षाही लहान!

३/६
या कोड्याची किल्ली जुनी होती. १९२१ मध्ये भूमध्य समुद्राच्या निळाईने चंद्रशेखर वेंकट रामन यांना प्रकाशाच्या विकिरणाकडे वळवले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात त्यांना व के. एस. कृष्णन यांना दिसले, की रेणूंवर आदळून विखुरलेल्या प्रकाशातील अत्यल्प अंशाचा रंग बदलतो. हा बदल रेणूच्या कंपनांवर ठरतो. म्हणून तो त्या पदार्थाची जणू स्वाक्षरीच असतो.

४/६
अडचण एकच: ही स्वाक्षरी अतिशय फिकट आणि कण जितका लहान तितकी ती अधिक पुसट. २००८ मध्ये हार्वर्डमधील संशोधकांनी दोन लेझर एकत्र वापरून हा संकेत कित्येक पटींनी बळकट करणारा सूक्ष्मदर्शक सिद्ध केला. त्यांपैकी एक, वेई मिन, पुढे कोलंबिया विद्यापीठात गेले.

५/६
२०२४ चा शोध तेथलाच. सात प्रकारच्या प्लॅस्टिकच्या स्वाक्षऱ्या संगणकाच्या साह्याने ओळखून तीन ब्रँडचे पाणी तपासले गेले. सापडलेल्या कणांपैकी सुमारे ९० टक्के नॅनोप्लॅस्टिक होते. बाटली ज्याची बनते ते पीईटी त्यांत होतेच; पण त्याहून अधिक पॉलिअमाइड निघाले. ते बहुधा पाणी शुद्ध करणाऱ्या गाळणीतूनच आले असावे, असा संशोधकांचा कयास आहे.

६/६
हे कण शरीराला नेमकी किती हानी पोहोचवतात, याचा निर्णय अद्याप व्हायचा आहे. तोवर इतिहासाच्या अभ्यासकाने एक खूणगाठ बांधावी: जुन्या नोंदीत 'आढळले नाही' असे दिसले, की त्याचा अर्थ 'नव्हते' असा लावण्यापूर्वी विचारावे, पाहणाऱ्याच्या हाती तेव्हा कोणते साधन होते?