सई परांजपे: आधी छोटा पडदा, मग मोठा



सई परांजपे म्हटलं की काय आठवतं? 'चश्मे बद्दूर'मधली दारोदार चमको पावडर विकणारी दीप्ती नवल, नाहीतर 'कथा'तली चाळ. पण त्याआधी सईताई कितीतरी वर्षं दिल्लीत टीव्हीच्या निर्मात्या होत्या. माझं म्हणणं असं, की त्यांच्या सिनेमाची खरी शाळा म्हणजे तो टीव्ही.

थोडं मागे जाऊ. जन्म १९३८ चा. रँग्लर र. पु. परांजपे आजोबा, शकुंतलाबाई आई. पहिलं पुस्तक 'मुलांचा मेवा', तेही वयाच्या आठव्या वर्षी! पुढे पुणे आकाशवाणीवर निवेदन आणि मुलांचे कार्यक्रम, मग दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालय.

दिल्लीत टीव्ही सुरू झाला १९५९ मध्ये. १९७६ पर्यंत तो आकाशवाणीचाच एक भाग होता, 'दूरदर्शन' वेगळं झालं ते नंतर. सईताईंनी तिथे काम केलं. १९७२ च्या 'द लिटल टी शॉप' या त्यांच्या टीव्हीपटाला तेहरानमध्ये एशियन ब्रॉडकास्टिंग युनियनचा पुरस्कारही मिळाला.

आता मुख्य मुद्दा. 'स्पर्श'चं मूळ होतं 'रैना बीती जाए', आणि 'चश्मे बद्दूर'चं 'धुआँ धुआँ'. दोन्ही टीव्हीसाठी लिहिलेली. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर पहिलं व्हर्जन टीव्हीवर आलं, मोठ्या पडद्यावर दुसरं.

आणि याचा परिणाम दिसतो बरं का. छोट्या पडद्यावर भव्य देखावा चालत नाही. खोलीत दोन माणसं बोलतायत, एवढ्यातच सगळं उभं करावं लागतं. 'स्पर्श' आठवा. अंधशाळेचे प्राचार्य अनिरुद्ध स्वतः कॉफी करायला उठतात, कविता मदतीला जाते आणि ते चिडतात. साधा कॉफीचा कप! पण प्रेम कुठे संपतं आणि कीव कुठे सुरू होते, हा सिनेमाचा सगळा प्रश्न त्यात आलाय. या सिनेमाच्या पटकथेसाठी सईताईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, अभिनयासाठी नसीरुद्दीन शाह यांना.

नाव झाल्यावर बरेच जण टीव्हीकडे पाठ फिरवतात. या मात्र परत आल्या. १९८४ मध्ये 'अडोस पडोस', १९८५ मध्ये 'छोटे बडे'. म्हणजे टीव्ही ही त्यांच्यासाठी फक्त सिनेमाकडे जायची पायरी नव्हती.

आपण इतिहास लिहिताना सिनेमांची यादी करतो आणि टीव्हीचं काम 'याशिवाय' म्हणून एका ओळीत उरकतो. सईताईंच्या बाबतीत ती ओळ आधी वाचायला हवी. त्यांचं 'सय' हे आत्मकथन मराठीत आहे. ते जरूर वाचा, आणि मग 'स्पर्श' पुन्हा बघा.

भेटू पुढच्या भागात.