व्हिडिओ कॅसेटवर उतरलेली गाणी

जानेवारी १९९१मध्ये अमेरिकेत अनाहाइम इथे वाद्यव्यापाऱ्यांचं ‘नॅम’ प्रदर्शन भरलं होतं. तिथे अलेसिस कंपनीने ‘एडॅट’ नावाचा आठ ट्रॅकचा डिजिटल रेकॉर्डर मांडला. किंमत ३,९९५ डॉलर.

डिजिटल मल्टिट्रॅक तेव्हा नवं नव्हतं. थ्रीएमच्या ३२ ट्रॅकच्या यंत्रावर राय कूडरचा ‘बॉप टिल यू ड्रॉप’ हा अल्बम १९७९मध्येच निघाला होता. पण अशा यंत्रणेला लाखभर डॉलर लागत. ती बड्या स्टुडिओतच असायची आणि तिथे तासाचे पैसे मोजावे लागत. घरी गाणं बांधणाऱ्याच्या हाती असायचा तो चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर, त्याच्या खरखरीसकट.

अलेसिसचे संस्थापक कीथ बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाट काढली ती घरोघरच्या व्हिडिओ रेकॉर्डरमधून. १६ बिटचे आठ ट्रॅक ४८ किलोहर्ट्‌झवर नोंदवायचे तर सेकंदाला एकसष्ट लाखांहून जास्त बिट टेपवर उतरावे लागतात. साध्या कॅसेटला ते झेपत नाही. व्हिडिओ रेकॉर्डरमध्ये मात्र फिरत्या ड्रमवरची हेड टेपवर तिरप्या रेघा ओढत जातात, त्यामुळे थोड्या टेपवर पुष्कळ माहिती बसते. एडॅटमध्ये एस-व्हीएचएस कॅसेट तिप्पट वेगाने पळे, म्हणून दोन तासांच्या कॅसेटवर चाळीस मिनिटं मिळत.

आठ ट्रॅक कमी पडले तर दुसरं यंत्र आणून केबलने जोडायचं. अशी सोळा यंत्रं, म्हणजे १२८ ट्रॅक, एका तालात चालवता येत. पैसे जमतील तसा स्टुडिओ वाढवता येऊ लागला, हा खरा बदल होता. १९९२मध्ये यंत्रं ग्राहकांच्या हाती पडू लागली. १९९३मध्ये टॅस्कमचा डीए-८८ स्पर्धेत उतरला. त्यात हाय-८ कॅसेट लागे. अ‍ॅलनिस मॉरिसेटचा ‘जॅग्ड लिटल पिल’ (१९९५) हा अल्बम घडला तो निर्माते ग्लेन बॅलर्ड यांच्या घरच्या स्टुडिओतल्या एडॅटवरच.

स्वस्ताईचं मूळ होतं व्हिडिओ रेकॉर्डरची यंत्रणा, आणि दुखणीही तिथलीच. रबरी रोलर गुळगुळीत होत, हेडवर टेपचा भुगा साचे, टेपचा ताण बिघडला की डिस्प्लेवर एररचा क्रमांक उमटे. म्हणून जाणकारांनी शिस्त घालून घेतली. कोरी कॅसेट रेकॉर्डिंगआधी फॉरमॅट करायची. त्यातच पूर्ण चाळीस मिनिटं जात. प्रत्येक कॅसेटची दुसऱ्या यंत्रावर प्रत काढायची. एका यंत्रावरची कॅसेट दुसऱ्यावर अडली, तर कॅसेटला दोष देण्याआधी दोन्ही यंत्रांची हेड आणि टेपमार्ग तपासायचा.

पुढे हार्ड डिस्क आणि संगणक आले आणि कॅसेट मागे पडली. पण एका बारीक ऑप्टिकल तारेतून आठ ट्रॅक नेण्याची एडॅटची पद्धत आजही ऑडिओ इंटरफेसवर दिसते. जुन्या कॅसेट वाचवायलाही तीच तार उपयोगी पडते: चालू स्थितीतल्या एडॅटमधून आठही ट्रॅक वेगवेगळे, डिजिटल रूपातच संगणकात उतरवता येतात. हे काम लांबणीवर टाकू नये. टेप जुनी होते आहे, आणि ती वाचणारी यंत्रं व त्यांचे सुटे भाग दुर्मीळ होत चालले आहेत. नव्वदच्या दशकात घरोघरी झालेली कितीतरी रेकॉर्डिंग कधीच प्रसिद्ध झाली नाहीत. त्यांची मूळ प्रत या कॅसेटवरच आहे.