२९० चे ३०० का करायचे नाहीत?

जून २००१ मध्ये ब्राह्मोसची पहिली चाचणी झाली, तेव्हा मी डेस्कवर नवीन होतो. बातमीत पल्ला होता २९० किलोमीटर. आकडा गोल दिसावा म्हणून मी ठोकून दिलं ३००! सकाळी एका निवृत्त फौजी वाचकाचा फोन. "अहो, ते दहा किलोमीटर मुद्दाम सोडलेत."

खरंच होतं ते. एप्रिल १९८७ मध्ये अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, कॅनडा आणि जपान या सात देशांनी एमटीसीआर नावाची व्यवस्था उभी केली. ५०० किलोचा भार ३०० किलोमीटरपर्यंत नेणारं क्षेपणास्त्र किंवा त्याचं तंत्रज्ञान शक्यतो कुणाला द्यायचं नाही, असं ठरलं. हा तह नव्हे, आपसातली समजूत. १९९५ मध्ये रशियाही त्यात गेला. म्हणून आपल्याबरोबर ब्राह्मोस बनवताना पल्ला २९० वर थांबला.

पण याचा खरा चटका आपल्याला त्याआधीच बसला होता. १९९१ मध्ये इस्रोने सोव्हिएत ग्लावकॉसमॉसशी क्रायोजेनिक इंजिन आणि त्याचं तंत्रज्ञान घेण्याचा करार केला. मे १९९२ मध्ये अमेरिकेने दोघांवरही दोन वर्षांचे निर्बंध लादले. कारण काय, तर क्षेपणास्त्रप्रसार! आता गंमत बघा. या इंजिनात द्रवरूप हायड्रोजन लागतो, उणे २५३ अंशांचा. तो भरून क्षेपणास्त्र महिनोन्‌महिने सज्ज ठेवता येत नाही. उपग्रह सोडायला उत्तम, युद्धाला गैरसोयीचं. तरी १९९३ मध्ये रशिया नमला. तंत्रज्ञान गेलं, हाती आली फक्त सात तयार इंजिनं. मग आपणच बनवायला घेतलं. एप्रिल २०१० चं उड्डाण फसलं. अखेर ५ जानेवारी २०१४ ला स्वदेशी इंजिनावर जीएसएलव्ही यशस्वी झालं.

व्यवस्था अगदीच फोल, असं मात्र मी म्हणणार नाही. अर्जेंटिनाने कॉन्डोर क्षेपणास्त्राचा प्रकल्प गुंडाळला, त्यात या दबावाचा वाटा होता. उत्तर कोरियाला मात्र कुणी रोखू शकलं नाही.

२७ जून २०१६ ला भारत याच गटाचा ३५ वा सदस्य झाला. चीनने २००४ मध्ये अर्ज केला होता, तो अजून बाहेरच आहे. मार्च २०१७ मध्ये ब्राह्मोसची ४०० किलोमीटरच्या पुढच्या पल्ल्याची चाचणी झाली. ती बातमी माझ्याकडेच आली, तेव्हा आकडा दोनदा तपासला आणि मगच पान सोडलं.