चित्र अडते कुठे?

गणपतीत पुण्याहून थेट दाखवली जाणारी आरती, शनिवारी रात्री आईबाबांशी व्हिडिओवर होणारे बोलणे आणि सहा महिन्यांसाठी इकडे आलेल्या सासूबाईंची मालिका या तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. ऐन रंगात आले की चित्र थांबते आणि पडद्याच्या मधोमध ते गोल चक्र फिरू लागते. मग घरातले कर्ते पुरुष इंटरनेट कंपनीच्या नावाने बोटे मोडतात आणि दरमहा वीस डॉलर जास्त मोजून वरचा प्लॅन घेतात. चक्र फिरायचे ते फिरतच राहते. कारण बहुतेक वेळा अडचण रस्त्यावरून घरात येणाऱ्या तारेत नसतेच. ती असते राउटरपासून टीव्हीपर्यंतच्या शेवटच्या तीस-चाळीस फुटांत. ते तीस-चाळीस फूट असे का वागतात, याला पन्नासहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो ठाऊक असला तर वीस डॉलर वाचायची बरीच शक्यता आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात झाली हवाई बेटांवर. तिथल्या विद्यापीठाचा मोठा संगणक ओआहू बेटावर, आणि तो वापरू इच्छिणारी मंडळी इतर बेटांवर. टेलिफोनच्या तारा महाग आणि भरवशाच्या नाहीत. प्राध्यापक नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली रेडिओवरून संदेश पाठवण्याची सोय केली आणि तिला नाव दिले ‘अलोहानेट’. गंमत अशी की कोणी कधी बोलायचे याचा नियमच त्यांनी ठेवला नाही. ज्याला बोलायचे त्याने बोलावे. दोघे एकदम बोलले तर संदेशांचा काला होतो आणि पलीकडून पोच येत नाही. मग प्रत्येकाने थोडा वेळ थांबावे, किती ते फाशाच्या दानावर सोडावे, आणि पुन्हा बोलावे. इतके साधे! पण हिशेब मांडल्यावर दिसले की या पद्धतीत हवेच्या क्षमतेपैकी फार तर १८ टक्के कामी येते. बाकी सगळी आदळआपट आणि रिकामी वाट पाहणे.

बॉब मेटकाफ यांनी अब्रॅमसन यांचा लेख वाचला आणि १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीत इथरनेटची कल्पना मांडली. तिच्यात तारेवरून बोलण्याआधी ऐकायचे, आणि बोलताना टक्कर झाली तर तिथल्या तिथे गप्प बसायचे. रेडिओत हे दुसरे साधत नाही. स्वतः बोलत असताना स्वतःच्याच आवाजाने कान बधिर होतात, दुसऱ्याचे ऐकू येणार कसे? म्हणून आपल्या घरातले वाय-फाय अजूनही ऐकते, थोडे थांबते, बोलते आणि पोच येण्याची वाट पाहते. या शिष्टाचारात बराच वेळ जातो. राउटरच्या खोक्यावर छापलेल्या वेगाच्या निम्मा जरी हाती लागला तरी नशीब समजावे.

आता ही हवा मिळाली कोणती, ते पाहू. १९८५ साली अमेरिकेच्या एफ.सी.सी.ने काही रेडिओ-पट्टे विनापरवाना वापरायला खुले केले. मायकेल मार्कस नावाच्या इंजिनिअरने त्यासाठी खटपट केली होती. जाणकार त्या पट्ट्यांना ‘कचऱ्याचे पट्टे’ म्हणत, कारण तिथे आधीपासूनच कारखान्यांतली आणि दवाखान्यांतली यंत्रे गोंगाट करत होती. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा त्यातलाच, आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही नेमका तिथेच चालतो. त्यामुळे टीव्ही आणि राउटर यांच्यामध्ये मायक्रोवेव्ह असेल, तर वरण गरम होईपर्यंत मालिका अडखळणारच. यात सुनेचा काही दोष नाही, हे सासूबाईंना जरूर सांगावे.

या फुकटच्या पट्ट्यावर पहिली नजर गेली ती गल्ला मोजणाऱ्यांची. एन.सी.आर. ही कंपनी दुकानांतली गल्ल्याची यंत्रे बनवत असे. दुकानाची मांडणी बदलली की तारा उखडाव्या लागत, तो त्रास तिला टाळायचा होता. तिच्या हॉलंडमधल्या केंद्रातले व्हिक हेझ १९९० पासून दहा वर्षे ८०२.११ समितीचे अध्यक्ष होते. १९९७ मध्ये पहिले मानक निघाले, वेग २ मेगाबिट. १९९९ मध्ये ११ मेगाबिट झाले, त्याच वर्षी अ‍ॅपलने आयबुकबरोबर ते विकायला आणले, आणि ‘वाय-फाय’ हे नावही त्याच वर्षीचे. एका नामकरण करणाऱ्या कंपनीने ते दिले. त्याला काही अर्थ नाही, उगाच शोधू नये.

पण व्हिडिओ चालायला ११ मेगाबिट पुरेसे नव्हते, आणि वेग वाढवायला घराच्या भिंती आड येत होत्या. एकच लहर थेट येते, तीच आरशावर, फ्रिजवर, तावदानावर आपटून जराशी उशिरा पुन्हा येते. मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये भराभर भाषण करणाऱ्याचे शब्द एकमेकांत मिसळावेत तसे होते. यावरचा एक नामी उपाय ऑस्ट्रेलियातून आला. जॉन ओसुलिव्हन हे मूळचे रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ. सत्तरच्या दशकात ते स्फोट पावणाऱ्या छोट्या कृष्णविवरांचे संदेश शोधत होते. ते काही सापडले नाहीत, पण विस्कटलेली लहर गणिताने सावरण्याचा सराव झाला. पुढे सीएसआयआरओ या सरकारी संस्थेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तेच डोके घरातल्या प्रतिध्वनीवर चालवले. एक वेगवान प्रवाह पाठवण्याऐवजी पुष्कळ संथ प्रवाह शेजारी-शेजारी पाठवायचे, म्हणजे मागून येणारा प्रतिध्वनी पुढच्या अक्षरावर चढत नाही. १९९६ मध्ये त्यांना अमेरिकन पेटंट मिळाले. कोर्टकचेऱ्या होऊन संस्थेला एकूण ४० कोटींहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. प्रवाह वाटून पाठवण्याची कल्पना मुळात बेल लॅब्जमध्ये साठच्या दशकातच निघाली होती, त्यामुळे सगळे श्रेय ऑस्ट्रेलियाला देणे मला पटत नाही. पण घराच्या चार भिंतींत ती कामाला लावणे हेही लहान काम नव्हे.

पुढची पायरी आपल्या पुण्याजवळून जाते. थॉमस कैलाथ केरळी कुटुंबातले, पण जन्म पुण्याचा (१९३५) आणि इंजिनिअरिंगची पदवीही पुण्याच्याच कॉलेजची (१९५६). स्टॅनफर्डमध्ये त्यांच्याकडे भारतीय नौदलातून निवृत्त झालेले आरोग्यस्वामी पॉलराज आले. नौदलासाठी सोनार बनवलेला माणूस. अनेक कानांनी ऐकून आवाज कुठून आला हे ओळखणे ही त्यांची विद्या. १९९२ साली त्या दोघांनी पेटंटसाठी अर्ज केला. अनेक अँटेना वापरून एकाच पट्ट्यात एकाच वेळी वेगवेगळे प्रवाह पाठवायचे, अशी ती कल्पना. भिंतींचे जे प्रतिध्वनी इतके दिवस शत्रू होते, तेच इथे मदतीला येतात. २००९ च्या ८०२.११एन मानकात ही युक्ती घरोघरी पोचली. राउटरला खेकड्यासारखे पाय असतात ते याचमुळे.

इतके सगळे होऊनही चक्र फिरते, त्याचे एक कारण २००३ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या संशोधकांनी दाखवले. घरात दोन संगणक आहेत. एक राउटरजवळ, वेग ११ मेगाबिट. दुसरा बेसमेंटच्या कोपऱ्यात, वेग १. नियमाप्रमाणे दोघांना बोलायची संधी सारखीच मिळते. पण मंडळाच्या जेवणाच्या रांगेत प्रत्येक पदार्थापाशी थांबून ‘हे गोड आहे का?’ विचारणारे काका असतात ना, तसे तो दुसरा संगणक त्याच संदेशाला अकरापट वेळ घेतो. परिणामी दोघांचाही वेग १ मेगाबिटच्या खाली येतो! म्हणजे टीव्ही जागेवर उत्तम चालत असूनही लांबच्या खोलीतला एखादा जुना फोन त्याला खाली ओढतो. संधीऐवजी वेळ सारखा वाटण्याची पद्धत पुढे निघाली आणि नव्या राउटरांत ती बऱ्याचदा असते. जुन्या फोनला मात्र राउटरच्या जवळ तरी आणावे, नाहीतर सरळ निवृत्त करावे.

दुसरे कारण रांगेचेच, पण राउटरच्या पोटातले. स्मृती स्वस्त झाली तशी यंत्रांत भलीमोठी कोठारे आली. २०१० मध्ये जिम गेटिस यांच्या लक्षात आले की घरातून मोठी फाइल पाठवताना बाकी सगळे ठप्प होते, कारण हजारो पाकिटे त्या कोठारात ताटकळत राहतात. मुलीने लग्नाचे फोटो चढवायला घेतले की आजीचा चेहरा गोठतो, तो असा. कॅथी निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये उपाय दिला: फार वेळ ताटकळलेले पाकीट टाकून द्या, पाठवणारा आपोआप हळू होतो. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘एसक्यूएम’ किंवा ‘स्मार्ट क्यू’ दिसले तर ते चालू करावे.

चित्रपट सुरळीत आणि आईशी बोलणे मात्र तुटक, असे का, हाही प्रश्न येतो. चित्रपट पुढचा काही भाग आधीच साठवून ठेवतो. शिवाय २००८-०९ पासून आलेल्या पद्धतीत हवा बिघडली की चित्र थांबण्याऐवजी धूसर होते. थेट आरतीत साठा थोडा असतो, आणि समोरासमोर बोलताना जवळजवळ नसतोच.

तेव्हा प्लॅन वाढवण्यापूर्वी लॅपटॉप तारेने राउटरला जोडून वेग पाहावा, मग त्याच लॅपटॉपवर टीव्हीच्या खोलीत बिनतारी पाहावा. पहिला चांगला आणि दुसरा वाईट असेल तर कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही. आपल्याकडे केबल बेसमेंटमध्ये शिरते, म्हणून राउटरही तिथेच फर्नेसशेजारी पडून असतो. त्याला मधल्या मजल्यावर उघड्या जागी ठेवावे. माशांच्या टाकीमागे नको, पाणी लहरी पिते. टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर घ्यावा. २.४ वर राहावेच लागले तर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी एक निवडावा. मधले चॅनल दोन्हीकडचा त्रास ओढवून घेतात. स्वस्तातला रिपीटर प्रत्येक गोष्ट त्याच हवेत दोनदा बोलतो, म्हणून वेग निम्मा होतो. अमेरिकेत २०२० साली ६ गिगाहर्ट्झचा भलामोठा पट्टा खुला झाला, तिथे गर्दी कमी, पण भिंतीपलीकडे तो लवकर दमतो.

आणि टीव्ही तर जागचा हलत नाही, त्याला तार दिली तर उत्तमच. भिंती फोडायची तयारी नसेल, तर केबल टीव्हीची जुनी गोल तार बहुधा खोल्याखोल्यांत असतेच. ‘मोका’ नावाच्या डब्यांची जोडी तिच्या दोन टोकांना लावली की तिच्यावरून इंटरनेट जाते. केबल घरात शिरते तिथे त्यासाठीचा फिल्टर बसवायला विसरू नये, नाहीतर आपले जाळे शेजाऱ्याच्या भिंतीपर्यंत पोचते.