दिसलं नाही, म्हणजे नाही का?

तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी वर्षानुवर्षं 'अनुपलब्धी' शिकवत आलो. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून तिथे घट नाही. पण आपल्या परंपरेनं याला एक अट घातली आहे: घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. आज या अटीचीच गोष्ट सांगतो. ती घडली मात्र बेडकाच्या अंड्यात.

एकाच फलित पेशीपासून त्वचा, आतडं, मेंदू सगळं घडतं. मग त्वचेची पेशी पुन्हा मूळपदावर का जात नाही? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत वाइझमान यांनी मांडलं, की वाढीच्या ओघात आनुवंशिक सूचनांची वाटणी होते आणि प्रत्येक पेशीकडे तिच्यापुरत्याच उरतात. १९५२ साली अमेरिकेत ब्रिग्ज आणि किंग यांनी बेडकाच्या अंड्यातलं केंद्रक काढून तिथे भ्रूणपेशीचं केंद्रक बसवलं. भ्रूण अगदी कोवळा असेल तर बेडूकमासे निपजत. जरा वाढलेला असेल तर प्रयोग फसू लागे. काम चोख होतं. त्यावरून अनेकांनी धरून चालायला सुरुवात केली, की परतीची वाट बंद होते.

ऑक्सफर्डमध्ये जॉन गर्डन हा तरुण संशोधक होता. याच्या शास्त्रज्ञ होण्याच्या कल्पना हास्यास्पद आहेत, असा शेरा त्याला शाळेत मिळाला होता! त्यानं आफ्रिकेतल्या वेगळ्या जातीचा बेडूक निवडला आणि खाऊ-पिऊ लागलेल्या बेडूकमाशाच्या आतड्यातली केंद्रकं अंड्यात घातली. १९६२ साली निष्कर्ष छापून आला: शंभरांत एक-दोन वेळा धडधाकट बेडूकमासा तयार झाला. म्हणजे सूचना हरवल्या नव्हत्या. बाकीच्या अपयशांचं एक कारणही पुढे कळलं. अंडं भराभर विभागतं, आणि वाढलेल्या पेशीचं केंद्रक त्या वेगाला पुरं पडत नाही. हाच तो खोलीतला अंधार.

तरी शंका राहिलीच: ती केंद्रकं आतड्यातल्या एखाद्या अपक्व पेशीची तर नसतील? शंका रास्त होती, आणि ती फिटायला वर्षं लागली.

पुढे २००६ साली क्योटोत यामानाका आणि ताकाहाशी यांनी अंड्यालाच फाटा दिला. चोवीस जनुकं निवडली, सगळी एकदम उंदराच्या पेशींत घातली, मग एकेक वगळून पाहिलं. चार पुरली! पक्व पेशी मूलपेशीसारखी झाली. २०१२ चं नोबेल गर्डन आणि यामानाका यांना मिळून मिळालं.

२०१४ साली जपानमध्ये सत्तरीतल्या एका बाईंच्या डोळ्यात, त्यांच्याच त्वचेपासून अशा रीतीनं घडवलेल्या पेशींचा पापुद्रा बसवला. वर्षभरानं दृष्टी सुधारली नव्हती, पण ढासळलीही नव्हती. त्यावर 'जमलं' किंवा 'जमणार नाही' असा शिक्का मारायची घाई आपण करू नये. ब्रिग्ज आणि किंग यांनी जे पाहिलं ते खरंच होतं. चूक झाली ती त्यावरून 'अशक्य' म्हणण्यात. म्हणून कुणी 'नाही' म्हणालं, की एवढंच विचारा: असतं, तर दिसलं असतं का?