कातडी, गाठ आणि दप्तर

मध्य प्रदेशातल्या बडवानीकडचा हिंदी बोलणारा माणूस आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्यात येऊन ‘दफ्तर कुठं आहे?’ असं विचारू लागला, तर त्याला कचेरी हवी असते. शहाद्याच्या पोराचं दप्तर मात्र त्याच्या पाठीवर असतं. त्याच पिशवीला बडवानीत ‘बस्ता’ म्हणतात. आपल्याकडे बस्ता म्हटलं की घरात लग्न ठरलेलं असतं आणि दोन्हीकडची मंडळी कापडदुकानात दिवस घालवणार असतात. पश्चिमेला नवापूरच्या स्टेशनात फलाटाच्या मधूनच महाराष्ट्र-गुजरातची हद्द जाते. ती ओलांडली तर गुजराती पोराच्या पाठीवर पुन्हा दप्तरच दिसतं.

हे दोन्ही शब्द मुळात कागद सांभाळणाऱ्यांचे. ‘बस्ता’ फारसी, ‘बस्तन’ म्हणजे बांधणे या क्रियापदापासून. बांधलेलं ते बस्ता, मग त्यात कागद असोत, पाटी असो की शालू. आपल्या ‘बंदोबस्ता’तला ‘बस्त’ही तोच. ‘दप्तर’ आपल्याकडे फारसीतूनच आलं, पण त्याचं मूळ ग्रीक ‘दिफ्थेरा’मध्ये सापडतं. त्याचा अर्थ कमावलेलं कातडं. कागद हाताशी नव्हता तेव्हा लोक कातड्यावर लिहीत. पुढे कागद आला, तरी नाव कातड्याचंच राहिलं. घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो म्हणून ब्रेतोनो या फ्रेंच डॉक्टरनं 1826 मध्ये घटसर्पाला जे नाव दिलं, तेही याच ग्रीक शब्दावरून. म्हणजे पोराच्या पाठीवरची पिशवी आणि त्याला टोचलेली डिप्थीरियाची लस यांचं नातं लागतं!

‘पुस्तक’ हा शब्दही अनेक अभ्यासक इराणी ‘पोस्त’कडे नेतात, आणि पोस्त म्हणजेही कातडंच. याबद्दल वाद आहेत, पण तसं असेल तर पुस्तक आणि दप्तर दोघंही एकाच गोठ्यातून आलेले. ‘ग्रंथ’ मात्र शाकाहारी. ‘ग्रन्थ्’ म्हणजे ओवणे, गाठ मारणे. पानांना भोक पाडून त्यातून दोरी ओवली की ग्रंथ झाला. आपली ‘गाठ’ ‘ग्रंथी’तूनच आली, आणि सरकारी कचेरीतला ‘गठ्ठा’ही याच घरातला मानतात. फारसी बस्ता आणि संस्कृत ग्रंथ यांचा अर्थ असा एकाच जागी येऊन मिळतो.

यातल्या एकाही शब्दाला आत काय लिहिलंय याच्याशी देणंघेणं नाही. एक सांगतो लिहिलं कशावर, दुसरा सांगतो बांधलं कसं. विद्वानांना हे ओशाळवाणं वाटेल, पण ग्रंथपालाला किंवा रेकॉर्ड रूममधल्या कारकुनाला त्यात नवल वाटणार नाही. मजकुराची काळजी वाचणारा घेतो. ग्रंथपालाच्या आणि कारकुनाच्या वाट्याला कातडं आणि गाठ येते.

आता रुमाल घ्या. ‘रू’ म्हणजे तोंड, ‘माल’ म्हणजे पुसणारा. तोंड पुसायच्या फडक्यात पेशवाईच्या कारकुनांनी कागद बांधले, आणि रुमाल हे कागद मोजायचं माप होऊन बसलं. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद आजही रुमालांवर मोजतात. गो. स. सरदेसायांनी त्या हजारो रुमालांतून निवडून 1930 ते 1934 या काळात 45 खंड छापले. त्या छापील खंडांमागे किती गाठी सुटल्या आणि पुन्हा बसल्या असतील, त्याची नोंद कोण ठेवणार?

रुमाल बांधायची रीत बघण्यासारखी आहे. कापड चौकोनी, सुती, खळ नसलेलं. मधोमध कागदांची चळत, शक्य तर वर-खाली पुठ्ठा. समोरासमोरची दोन टोकं आधी दुमडायची, उरलेल्या दोन टोकांची गाठ वर घ्यायची, आणि ती गाठ कागदाच्या कडेवर येऊ द्यायची नाही. सुतळी आवळली की कडेत रुतते आणि पुढे कागद तिथंच फाटतो. म्हणून रुंद फीत बरी. लाल फितीवरून ‘लालफीतशाही’ म्हणत आपण सरकारला शिव्या घालतो, पण कागदाच्या बाजूनं पाहिलं तर फितीनं त्याचं भलंच केलं. खरं नुकसान केलं ते नव्या सोयींनी. नंदुरबारच्या उन्हाळ्यात रबर वितळून कागदाला चिकटतं, टाचणी पहिल्याच पावसाळ्यात गंजते, चिकटपट्टीचा पिवळा डाग कायमचा बसतो, आणि प्रेमापोटी केलेलं लॅमिनेशन तर काढताच येत नाही. सुती फडक्यातून हवा जाते-येते. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते, बुरशी धरते. कसर आणि वाळवीला रुमाल अडवू शकत नाही हे खरं. पण रुमाल अधूनमधून सोडून झटकावा लागतो, आणि तसा तो सोडला तर कीड वेळेत दिसते. न उघडलेला रुमाल ही खरी धोक्याची गोष्ट.

नंदुरबार जिल्हा झाला 1 जुलै 1998 रोजी. त्याआधी हा मुलूख धुळे जिल्ह्यात, त्याआधी पश्चिम खानदेशात, आणि 1906 पूर्वी अखंड खानदेशात. जिल्ह्याची हद्द एका अधिसूचनेनं बदलते, रुमाल काही तसे रातोरात वाटले जात नाहीत. जुन्या कागदाच्या शोधात इथल्या माणसाला धुळ्याची वाट धरावी लागते ती त्यामुळे. धुळ्याचं नाव या धंद्यात तसंही मोठं. गावोगावची दप्तरं पायपीट करून गोळा करणारे वि. का. राजवाडे तिथंच 31 डिसेंबर 1926 ला गेले, आणि त्यांचा संग्रह सांभाळायला पुढच्याच वर्षी राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. राजवाड्यांना जुन्या कागदाचं जेवढं वेड तेवढंच व्युत्पत्तीचं. त्यांच्या काही व्युत्पत्ती इतक्या ओढूनताणून केलेल्या आहेत की वाचताना हसू येतं. जमवलेल्या कागदांना मात्र कुणी हसू शकत नाही.

आज इथं जुना कागद इतिहासासाठी क्वचितच शोधला जातो. तो लागतो दाखल्यासाठी. ‘दाखल’ म्हणजे आत आलेला, आणि त्याचा पुरावा तो दाखला. ग्रंथालयात नवं पुस्तक आलं की ते ‘दाखल नोंदवही’त चढतं, शाळेत पोर आलं की तेही रजिस्टरात दाखल. जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीत 6 सप्टेंबर 1950 ही राष्ट्रपतींच्या आदेशाची तारीख कळीची. त्याआधीची आजोबांची नोंद सापडली तर नातवाचं काम सोपं होतं. ती नोंद असते शाळेच्या रजिस्टरात किंवा ‘कोतवाल बुक’ म्हणतात त्या जन्म-मृत्यूच्या वहीत, आणि पुष्कळदा मोडी लिपीत. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. सरकारी यादीत कोकणा, कोकणी, कुकणा ही नावं शेजारीशेजारी आहेत. शंभर वर्षांपूर्वीच्या मास्तरांनी घाईत ओढलेल्या फराट्यातून यातलं नेमकं काय वाचायचं, हे मोडी वाचकानं ठरवायचं. त्यात ते पान कडेला झिजलेलं असलं तर आडनावच गेलं! सुतळीनं कापलेली कड अशी थेट कुणाच्या तरी प्रवेशापर्यंत पोचते.

कचेरीला या सगळ्यासाठी शुद्ध शब्द हवे होते, ते भाषा संचालनालयानं घडवले : अभिलेख, अभिलेखापाल, अभिलेख कक्ष. चांगले आहेत, कागदावर शोभतात. पण टेबलापाशी ‘फाईल रेकॉर्डला गेलीय’ असंच म्हणतात. जुनं निकामी पुस्तक काढून टाकायला ‘निर्लेखन’ हा शब्द आहे. तो मला आवडतो, कारण ‘लेखन’ म्हणजे मुळात खरवडणं, आणि निर्लेखन म्हणजे खरवडून काढणं. आयुर्वेदात लेखन अजून त्याच अर्थानं आहे. ग्रंथपाल मात्र निर्लेखनाला भितो. पुस्तक वाळवीनं खाल्लं तरी ते नोंदवहीत जिवंत असतं, आणि मोजणीत कमी भरलं तर वसुली त्याच्यावर. मग रद्दीच कपाटात जपली जाते आणि नव्या पुस्तकाला जागा उरत नाही.

‘रेकॉर्ड’ हा शब्द तेवढा या सगळ्यांहून वेगळा. लॅटिनमध्ये ‘कोर’ म्हणजे हृदय. ‘रेकॉर्डारी’ म्हणजे पुन्हा मनात आणणं, आठवणं. त्यात कातडं नाही, गाठ नाही. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरात पावरी, भिली बोलणाऱ्यांच्या जमिनीचं रेकॉर्ड पुष्कळसं याच जुन्या अर्थाचं. कोणतं शेत कुणी फोडलं, नाला कुठून वळवला, हे म्हाताऱ्यांना पाठ. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या नियमांनी हे मान्य केलंय. नियम 13 मध्ये पुराव्यांच्या यादीत दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लेखी घेतलेलं कथनही येतं. कचेरीत त्याला ‘जबाब’ म्हणतात. हा शब्द अरबी, अर्थ उत्तर. म्हणजे आधी कुणीतरी प्रश्न विचारलेला असतो, आणि तो प्रश्न कागदावर सहसा नसतो. पावरीत सांगितलेलं मराठीत उतरवलेलं असतं, खाली अंगठा. दाव्याचा निकाल लागला की ही फाईल ‘सहा गठ्ठा’ पद्धतीतल्या कुठल्यातरी गठ्ठ्यात बांधली जाते आणि ठरलेली मुदत संपेपर्यंत पडून राहते.

जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालानं अशा जबाबांच्या नकला मागून घ्याव्यात, सांगणाऱ्याची परवानगी घेऊन मूळ बोलीतलं कथन ध्वनिमुद्रित करावं, विचारलेला प्रश्नही लिहून ठेवावा आणि हे सगळं दाखल नोंदवहीत चढवावं, असं मला वाटतं. विषयाच्या रकान्यात काय लिहायचं, ड्यूईच्या ग्रंथवर्गीकरणातल्या कुठल्या आकड्यात बसवायचं, हे प्रश्न येतीलच. ते नंतर सोडवता येतात. सांगणारी माणसं मात्र ऐंशीच्या पुढची आहेत.